भाऊजींचे फेरे आणि पोलंडचा यान

यवतमाळ जिल्ह्यात जेवढ्या म्हणून गोष्टी उघडतात, मिटतात, फिरतात किंवा मोजल्या जातात, त्यांतल्या एकीवरही माझ्या भाऊजींनी पहिल्या झटक्यात कधी विश्वास ठेवला नाही. नवी छत्री घेतली तर ते ती दुकानात उघडून पाहत, दुकानाबाहेर उघडून पाहत आणि घरी आल्यावर मोरीत छत्री धरून उभे राहत, मग ताईला बादलीभर पाणी वरून ओतायला सांगत. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, या गृहस्थांची बायको. तिला पाहायला ते आमच्या घरी बोरी अरबला आले, तेव्हा पोहे झाल्यावर वडील म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा. हे उठले आणि सरळ दाराशी जाऊन कडी लावून, काढून, पुन्हा लावून पाहू लागले. "मामाजी, हे ढिली हाय. वाऱ्यानं उघडत असन," एवढंच बोलले. खरंच उघडायची. पाहुणे गेल्यावर वडील कपाळाला हात लावून बसले, पण ताई म्हणाली, "मले चालते. माणूस दार त नीट लावीन."

भाऊजी पांढरकवड्याबाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हायवेच्या कडेला एका वजनकाट्यावर ऑपरेटर होते. ट्रक अख्खाच्या अख्खा लोखंडी फळीवर उभा करायचा, केबिनमधल्या कॉम्प्युटरवर वजन पाहायचं आणि चिठ्ठी छापून द्यायची, एवढंच काम. दुसऱ्या कुणी ते झोपेत केलं असतं. भाऊजी रोज सकाळी पहिला ट्रक यायच्या आधी वीस किलोचं लोखंडी वजन छातीशी धरून फळीच्या चारही कोपऱ्यांवर आणि मधोमध ठेवून पाहत, आणि मुख्य म्हणजे, काहीच न ठेवताही पाहत. मी एकदा म्हटलं, रिकाम्या काट्यावर काय पाहायचं? तर म्हणाले, "भरल्या पोत्याचं वजन कोनीबी करते मास्तर. रिकामा काटा शून्य दाखवते का, ते पयले पाहा." मी बोरी अरबच्या शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून मी मास्तर. एका सकाळी एका कोपऱ्यावर दहा किलो जास्त दिसले, तर या माणसानं काटा बंद ठेवला. कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेली, ड्रायव्हर हिंदीत आणि तेलुगूत त्यांचा उद्धार करू लागले, मालकाचे फोनवर फोन. भाऊजी त्या वेळी फळीखालच्या खड्ड्यात पालथे पडून बॅटरीच्या उजेडात काहीतरी शोधत होते. दीड तासानं ते धुळीनं माखून वर आले. हातात गिट्टीचा एक खडा होता, सुपारीएवढा. "हा खोटं बोलून राह्यला होता," असं म्हणून त्यांनी तो रांगेतल्या पहिल्या ड्रायव्हरच्या हातात ठेवला. तो सरदारजी इतका थक्क झाला, की खडा खिशात घालून घेऊन गेला.

अशा माणसाला ती भाषा सापडायला नको होती. काट्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करायला नागपूरहून एक इंजिनिअर आला होता. दोन ट्रकांच्या मध्ये हा माणूस रिकामा बसतो हे पाहून त्यानं गंमत म्हणून त्यांना कॉम्प्युटरची एक भाषा दाखवली. तिचं खरं नाव मी लिहीत नाही, कारण नावातच एक इंग्रजी शिवी आहे. भाऊजी तिला नुसतं 'आठ खुणा' म्हणत. त्या भाषेत शब्द नाहीतच. आठ चिन्हं आहेत, बस. ओळीनं खण मांडलेत असं समजायचं, प्रत्येकात एक आकडा. एका चिन्हानं आकडा एकानं वाढतो, एकानं घटतो, दोन बाणांनी डावी-उजवीकडे सरकायचं. दोन चिन्हं आकडा आत घ्यायची आणि बाहेर दाखवायची. उरले दोन चौकोनी कंस. त्यांचा अर्थ असा, की खणात शून्य येत नाही तोवर कंसातलं सगळं पुन्हा पुन्हा करत राहा. यालाच भाऊजी फेरा म्हणत. या आठ चिन्हांत जगातली कुठलीही आकडेमोड करता येते म्हणे, फक्त करणारा वेडा होतो. भाऊजींनी आकडेमोड फारशी केलीच नाही. त्यांना फेरे लिहायचे होते आणि प्रत्येक फेरा सुटा काढून तपासायचा होता. तो शून्य आकड्यावर नीट गप्प बसतो का, एकावर एकदाच फिरतो का, पुष्कळावर पुष्कळ वेळा फिरून थांबतो का, आणि थांबल्यावर निघाला होता त्याच खणाशी परत येतो का. एवढं पास झालं, की फेरा वहीत उतरायचा. अशा फेऱ्यांच्या अकरा वह्या त्यांनी भरल्या.

तपासणी मात्र ते कॉम्प्युटरवर सोडत नसत. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नव्हता हे ओघानं आलंच. दुपारी डबा घेऊन ताई काट्यावर जायची तेव्हा तिथं, नाहीतर संध्याकाळी किंवा रविवारी घरी ओसरीवर, ती सात वाट्या ओळीनं मांडायची आणि पदरात मूठभर तूर घेऊन बसायची. भाऊजी वहीतून एकेक चिन्ह वाचत आणि ताई त्याप्रमाणे दाणे हलवी. "वाटीत दाना हाय का?" "हाय जी." "मंग एक काढ. उजवीकडं जाय. एक टाक. डावीकडं ये. दाना हाय का?" पहिल्या वाटीतले दाणे असे एकेक करून दुसरीत जायचे आणि पहिली रिकामी झाली की फेरा संपायचा. एकदा मी गेलो होतो तेव्हा भाऊजी 'एक काढ' लिहायला विसरले होते. ताई उजव्या वाटीत दाणे टाकतेय, टाकतेय, वाटी भरली, दाणे सतरंजीवर सांडले, पदर रिकामा झाला, ती उठून डब्यातली तूर घेऊन आली, तीही संपत आली. शेवटी म्हणाली, "तूर सरली जी, पन तुमचा फेरा काई सरत नाई." भाऊजींनी वही पाहिली आणि ते असे हसले, की चष्मा सांडलेल्या तुरीत पडला. त्या दिवसापासून नियम झाला, की शंभर दाणे पडले तरी थांबत नसेल तर फेऱ्याला नापास म्हणायचं. ताई चौथी शिकलेली. तिला या सगळ्याचा उपयोग काय, असं मी एकदा हळूच विचारलं होतं. ती म्हणाली, "उपयोग कायले पाह्यजे? दिवसभर ट्रकावाल्याच्या शिव्या खातेत. संध्याकाळी मायासंग दाने मोजतेत." त्यांना मूलबाळ नव्हतं.

ताई गेली त्या दिवशी मी त्यांच्याकडेच निघालो होतो. अकराच्या सुमारास पोचतो असा निरोप होता. मी वाटेत असतानाच ती गेली, आणि तीही अक्षरशः वाटेतच. सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं, दुपारी एकच्या पुढं जास्त झालं, तेव्हा भाऊजींनी काट्यावर नुकतंच रिकामं वजन केलेला एक ट्रक दाराशी आणून त्यात तिला घातलं आणि यवतमाळ धरलं. दवाखान्याच्या आधीच ती संपली. मी पोचलो तेव्हा घराला कुलूप होतं. माझी बस आणि तो ट्रक रस्त्यात कुठंतरी एकमेकांना ओलांडून गेले असणार.

मी भाऊजींना काही म्हणालो नाही. म्हणायचं एवढंच होतं, की सकाळपासून दुखत होतं तर एक वाजेपर्यंत तुम्ही काय करत होता? छत्रीवर बादलीभर पाणी ओतून पाहणारा माणूस, बायकोच्या छातीत दुखतंय म्हटल्यावर इतके तास थांबतोच कसा? हे वाक्य मी रोज मनात घोळवलं आणि रोज गिळलं. ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना म्हणणाऱ्या भन्तेजींच्या समोर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो, तेव्हाही गिळलं. पुढं मी दर आठवड्याला फोन करायचो. "जयभीम भाऊजी. जेवले का?" "जेवलो." "बरं." फोन खाली. एवढंच आमचं बोलणं उरलं.

भाऊजींनी वह्या बांधून ठेवल्या. काट्यावर जायचे, यायचे. वर्षभरानं एकदा मी गेलो, तर कोनाड्यात बुद्धाच्या मूर्तीजवळ ताईचा फोटो आणि त्याखाली त्या सातही वाट्या एकात एक घालून ठेवलेल्या. त्याच भेटीत त्यांनी आपण होऊन मला मोबाइल दाखवला. आठ खुणांच्या वेड्यांचा एक अड्डा इंटरनेटवर आहे, तिथं त्यांनी आपला एक फेरा टाकला होता आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'कृपया कुणी तपासून द्यावा.' तीन आठवडे झाले होते. उत्तर एकही नव्हतं. "लोकं कामात असतेत," भाऊजी म्हणाले आणि मोबाइल पुन्हा उघडून पाहिला, पुन्हा मिटला, पुन्हा उघडला.

बसमध्ये मला ते उघडणं-मिटणं सोसेना. राग होता तो होताच, पण तो चेहराही डोळ्यांपुढून जाईना. घरी येऊन मी त्या अड्ड्यावर खोट्या नावानं खातं काढलं. माझं इंग्रजी मराठीच्या मास्तराचं, म्हणून इंग्लंड-अमेरिका बाद. ज्याचं इंग्रजी वाईट असलं तरी चालेल असा देश हवा होता. पोलंड मला त्या मानानं सोयीचा वाटला. यान हे तिकडचं घरोघरचं नाव. मी यान झालो, पोलंडचा निवृत्त मास्तर. मग तो फेरा समजून घेणं आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस स्वयंपाकघरात सात वाट्या मांडून तुरीचे दाणे इकडून तिकडे करतोय, हे बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "निवडून राह्यले का पेरून राह्यले?" खणात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो, पुढं एक टाकला की खण एकदम रिकामा होतो, हे तपासायला मी दोनशे पंचावन्न दाणे मोजून काढले आणि दोनशे छप्पन्नावा हातात असताना मला शिंक आली. ते सगळं पुन्हा वेचून, मोजून मी चौथ्या दिवशी यानचं पहिलं उत्तर धाडलं. 'महाशय, आपला फेरा मी एक, पाच आणि दोनशे पंचावन्न दाण्यांवर चालवून पाहिला. वाट्या बरोबर भरतात. आपण फार नीट काम करता.'

त्याच संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. वर्षात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन केला होता. "मास्तर, पोलंडहून उत्तर आलं!" आणि मग दहा मिनिटं बोलत होते. यान मास्तर आहे, माणूस सज्जन दिसतो, पण घाईचा आहे. "शून्याची तपासनी केलीच नाई त्यानं. मास्तर लोकं असेच असतेत का रे?"

तिथून दोन वर्षं दर रविवारी पांढरकवड्याहून एक फेरा पोलंडला जायचा आणि बोरी अरबहून त्याची तपासणी यायची. यान शून्याची तपासणी हमखास विसरायचा आणि भाऊजी त्याच्याविषयीच्या तक्रारी माझ्याकडे करायचे, तेव्हा मला यानची बाजू घेऊन भांडावं लागायचं. हळूहळू फेऱ्याखाली इतरही चार ओळी येऊ लागल्या. भाऊजी त्याला कापसाच्या गाठींविषयी लिहीत, उन्हात काट्याची फळी कशी फुगते ते लिहीत, आणि एकदा लिहिलं, 'माझी पत्नी पूर्वी तपासायची. ती तुमच्याहून चांगली तपासायची. राग मानू नका.' मी ते उत्तर कितीतरी वेळ वाचत बसलो. आणि मग, कसं कोण जाणे, यानच्या तोंडून ते बाहेर पडलं. 'माझीही बहीण वारली,' मी लिहिलं. 'सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. तिच्या नवऱ्यानं तिला दुपारी नेलं. मी त्याला अजून माफ करू शकलेलो नाही, आणि त्याला तसं सांगूही शकलेलो नाही.' बटण दाबलं आणि लगेच ते पुसायची जागा शोधू लागलो. पण परत घ्यायची सोय तिथं नव्हती.

आठ दिवस काही आलं नाही. नवव्या दिवशी आलं. त्यांचं मोडकं इंग्रजी मी इथं मराठीत देतो. 'यानसाहेब, चूक तुमच्या मेहुण्याची आहे. ती नाही म्हणत असली तरी त्यानं तिला उचलून न्यायला हवं होतं. त्याला हे माहीत आहे. तुम्ही त्याच्यावर रागवा. माणसाला रागवायला कुणीतरी लागतं आणि तो म्हातारा आहे, सोसेल. पण त्याच्याशी बोलणं सोडू नका. सोबत नवा फेरा पाठवतो आहे, तपासून द्यावा.'

का कोण जाणे, त्यानंतर माझा राग निम्मा झाला. फोनवर मी 'जेवले का'च्या पुढंही बोलू लागलो.

मागच्या हिवाळ्यात भाऊजींच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी रजा टाकून त्यांच्याजवळ राहिलो. एका दुपारी ते डोळे मिटून पडले होते आणि मी पायथ्याशी पेपर वाचत होतो.

"यान," ते म्हणाले, "जरा पानी दे बावा."

मला वाटलं, तापात बरळताहेत. पाहिलं तर उशीवरून माझ्याकडेच बघत होते, मिशीत हसत.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पयल्याच पत्रात. साऱ्या दुनियेत त्याले खन म्हनतेत. तू वाट्या लिवलं. पोलंडात कुठून आल्या बे वाट्या?"

"मग बोलले काहून नाही इतके दिवस?"

"बोललो असतो त यान मेला असता." त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, त्यांनी दोन घोट घेतले. "तू मास्तर म्हनून मले काई सांगत नव्हता. जेवले का, बरं, फोन बंद. यान बोले."

मी म्हटलं, "भाऊजी, ते बहिणीचं जे मी लिहिलं होतं..."

"ते त यानचं न माहं झालं," असं म्हणून त्यांनी कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलं. "तू कायले मधात पडतं?"

पुढं महिन्याभरानं ते गेले. झोपेत, कुणाला काही त्रास न देता.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मंडळी पांगली आणि मी घराच्या किल्ल्या द्यायला शेजारच्या मावशींकडे गेलो. ताईची आणि त्यांची वीस वर्षांची सोबत. त्या पायरीवर बसून रडत होत्या. भला माणूस होता, म्हणाल्या, सोन्यासारखा, कधी कुणाला उलटून बोलला नाही. मग डोळे पुसून सहज, जुनी आठवण काढावी तशा म्हणाल्या, "तुह्या बहिनीपुढं मात्र हरला बिचारा. त्या दिवशी मी इथंच होती. सकाळी नवापासून तिच्या मांगं लागला होता, चाल दवाखान्यात, चाल दवाखान्यात. तीनदा चपला घालून उभा राह्यला. पन ते बाई काई उठेच ना चुलीपासून. म्हने, माहा भाऊ येऊन राह्यला, अकराले येते, त्याचं जेवन होऊ द्या, मंग जाऊ. अकराचे बारा झाले, बाराचा एक झाला."

मी विचारलं, "हे तुम्ही तेव्हा मला सांगितलं नाही?"

"सांगत होती न. त्यानंच हात जोडले. म्हने, मावशी, मास्तरले हे सांगू नका. कोनालेच सांगू नका."

ताई गेली त्या दिवशी, पांढरकवड्याला जाताना, यवतमाळच्या स्टँडवर मला एक जुना मित्र भेटला होता. आम्ही चहा घेतला, मग दुसरा घेतला. पुढची बस सुटू दिली आणि तिच्या पुढचीही. गप्पा काय मारल्या, ते मला आज आठवतही नाही.

मावशींनी चहाचं विचारलं, मी नको म्हणालो. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. यवतमाळपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीची शेतं होती. तीस वर्षं मी पोरांना वाक्यं शिकवली, विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी. त्या दोन तासांत भाऊजींना म्हणता येईल असं एक वाक्य मी जुळवू पाहत होतो, आणि दरवेळी ते 'भाऊजी, तुम्ही' एवढ्याशीच येऊन अडत होतं. शेजारच्या सीटवरच्या बाई थोडा वेळ माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी आपल्याकडची पाण्याची बाटली माझ्यापुढं केली.